तोकी पोनातल्या 'किली'चं चिन्ह: रावेरच्या पोरांना त्यात केळी हवी आहेत

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवा होता, विषय थोडा वेगळा आहे पण इथे भाषावाले आणि शेतीवाले दोन्ही आहेत म्हणून इथेच विचारते.

रावेर तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयात मी सुट्टीत पोरांचा वर्ग घेते. पाचवी ते आठवीची पोरं आहेत. या वेळी त्यांना तोकी पोना शिकवायला घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बनवलेली भाषा आहे, कॅनडातल्या सोन्या लँग यांनी ती 2001 मध्ये नेटवर टाकली आणि 2014 मध्ये तिचं पुस्तक आलं. शब्द साधारण 120 फक्त. त्याच पुस्तकात प्रत्येक शब्दाला एकेक चिन्ह दिलंय, त्या लिपीला सितेलेन पोना म्हणतात. पाण्याला, म्हणजे 'तेलो'ला, एकाखाली एक दोन नागमोडी रेघा, 'मा' म्हणजे जमीन त्याला गोलात अधिकचं चिन्ह, 'तोमो' म्हणजे घर ते घरासारखंच. पोरं दोन-तीन दिवसात वाचायला लागली, एकमेकांना चिठ्ठ्या पण लिहायला लागली.

आता वाचनालयाची मागची भिंत रंगवायची आहे आणि तिच्यावर एक वाक्य तोकी पोनात लिहायचं ठरलंय. आपल्या भागाचं वाक्य म्हणजे त्यात 'किली' येणारच. किली म्हणजे फळ, भाजी पण त्यातच. आणि इथे गाडी अडली. किलीचं चिन्ह म्हणजे गोलसर फळ आणि वर देठ, पाहिलं की सफरचंद वाटतं. पोरांचं म्हणणं, ताई हे सफरचंद आपल्या भिंतीवर कशाला? सफरचंद आमच्याकडे कोणी दवाखान्यात अॅडमिट असलं की भेटायला जाताना घेतात, शेतात तर केळी आहे, तर किलीला केळ्याचंच चित्र काढू. एका पोरीने काढून पण दाखवलं, एक वाकडी रेघ, झालं केळं.

मला मनापासून वाटतं की चिन्ह आहे तसं ठेवावं, कारण बाहेरचा कोणी तोकी पोना वाचणारा आला तर त्याला ते वाचता आलं पाहिजे. पण पोरांचं म्हणणं सुद्धा मला टाकाऊ वाटत नाही, भिंत त्यांची आहे. तुम्ही काय केलं असतं?

अक्षरवेडी

अरे वा, रावेरात तोकी पोना! फार छान वाटलं वाचून.

ताई, आधी एक अडचण सांगते मग बाकीचं. पोरीने काढलेली वाकडी रेघ जर हसऱ्या तोंडासारखी असेल, दोन्ही टोकं वर, तर ते चिन्ह आधीच घेतलेलं आहे. ते 'पोना'. चांगलं, साधं, सोपं, बरोबर, सगळं पोना. भाषेच्या नावातलाच शब्द. आणि तीच रेघ उलटी केली, टोकं खाली, की 'इके', म्हणजे वाईट, अवघड. म्हणजे तुमच्या भिंतीवर केळं कोणत्या बाजूने ठेवलंय त्याच्यावर वाक्याचा अर्थ बदलणार. नुसती वाकडी रेघ असेल तर केळं असं कोणीच वाचणार नाही.

सातपुडा_पायथा

@अक्षरवेडी हो ना, टोकं वरच होती. मी पोरांना सांगितलं हे पोना झालं तर एक जण लगेच म्हणाला मग बरोबरच आहे, केळं चांगलंच असतं. त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही 🙂

नाना_सावदा

मी शेतकरी माणूस, तुमची भाषा मला येत नाही पण केळीचं चिन्ह म्हणताय म्हणून लिहितो. वाकडी रेघ वर की खाली याचं उत्तर बागेत आहे.

केळी निसवली की कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडतं आणि त्याचं एकेक लाल पान उचललं की खाली फणी दिसते. तेव्हा ती बारीक केळी जमिनीकडे बघत असतात, टोकं खाली. मग जसजसे दिवस जातात तसं एकेक केळं वाकतं आणि टोक आकाशाकडे वळतं. कापणीच्या वेळी घड बघा, दांडा खाली लोंबतो पण त्याच्यावरचं एकूण एक केळं वर बघत असतं. तर ताई पोरांना बागेत घेऊन जा आणि नुकती निसवलेली केळी आणि कापणीला आलेली केळी शेजारी शेजारी दाखवा. तुमचं ते वाईट आणि चांगलं दोन्ही एकाच खोडावर सापडेल.

अक्षरवेडी

@नाना_सावदा नाना, हे फार म्हणजे फारच भारी सांगितलंत. इके पासून पोना होतं. आमच्या तोकी पोनाच्या ग्रुपवर टाकू का हे?

नाना_सावदा

टाका की, विचारायचं काय त्यात.

पांझरा_काठ

माझं मत जरा कडक आहे. चिन्ह बदलू नका. आधीच जेमतेम 120 शब्द, त्यातलं एकेक चिन्ह जर प्रत्येक गावाने आपापलं केलं तर त्याला लिपी कशाला म्हणायचं. केरळवाला नारळ काढेल, नागपूरवाला संत्रं काढेल, कोकणातला आंबा काढेल, मग एकमेकांचं वाचणार कसं? लिपी म्हणजे शेवटी ठरलेली गोष्ट असते. आपला 'क' कशासारखा दिसतो असं कोणी विचारत नाही.

शिवाय किली शब्दाचा आणि सफरचंदाचा तसा काही संबंधच नाही. तो शब्द जॉर्जियन भाषेतून घेतलाय, तिथे फळाला 'खिली' म्हणतात. तेलो हा कॅनडाच्या अकेडियन फ्रेंचमधून, मा फिनिशमधून, तोमो आणि पोना एस्पेरांतोमधून, जान म्हणजे माणूस तो कॅन्टोनीजमधून. पन्नास ठिकाणची बियाणं आहेत. त्यात आपलं चित्र घुसवायचा हट्ट का?

शिरपूरकर

किली आणि केळी, ऐकायला किती जवळ आहे पण! मला आधी वाटलं आपल्याकडूनच घेतलंय.

पांझरा_काठ

@शिरपूरकर योगायोग आहे तो.

तळवेल_आजोळ

@पांझरा_काठ दादा, मुद्दा मान्य पण हे 'क' सारखं नाहीये ना. क ला काही अर्थ नाही, तो नुसता आवाज आहे. इथे चिन्हच चित्र आहे, पोरांनी चित्र म्हणून बघितलं तर त्यांची काय चूक? तेलोला दोन लाटा काढल्या की सगळ्यांना पाणी कळतं, मग किलीला सफरचंद काढलं की सफरचंद कळणारच.

विशेष_शिक्षिका_धुळे

मी धुळ्यात विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, जी मुलं बोलू शकत नाहीत त्यांच्याबरोबर चित्रांचे आणि चिन्हांचे तक्ते रोज वापरते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी रोजच्या कामातला आहे, थोडं लांब लिहिते.

चिन्हांची बनवलेली भाषा म्हटलं की आमच्या क्षेत्रात ब्लिस आठवतात. चार्ल्स ब्लिस, जन्म 1897 चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या चेर्नोविट्झचा. नाझींच्या छावण्यांतून सुटून ते शांघायला पोचले आणि तिथे दुकानांवरच्या चिनी पाट्या बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की आपण ती चिन्हं चिनीत वाचतच नाहीयोत, थेट आपल्या भाषेत वाचतोय. त्यातून त्यांनी स्वतःची चिन्हं बनवली, पुढे ऑस्ट्रेलियाला गेले, 1949 ला पुस्तक काढलं. जगातली सगळी माणसं ही चिन्हं वाचतील, भांडणं कमी होतील असं त्यांना वाटत होतं. तसं काही झालं नाही, पण 1971 मध्ये टोरांटोमधल्या एका केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना ती चिन्हं दिली आणि जी मुलं तोपर्यंत हो-नाही पलीकडे काही सांगू शकत नव्हती ती बोटाने, नजरेने वाक्यं सांगायला लागली. त्यातही पाणी म्हणजे नागमोडी रेघ, घर म्हणजे चौकोनावर छप्पर, भावना म्हणजे बदाम आणि बदामाला वर जाणारा बाण जोडला की आनंद.

आता माझा अनुभव सांगते. तक्त्यावर 'फळ' या शब्दाला मी जर हुबेहूब केळ्याचा फोटो लावला तर मूल त्याला केळंच समजतं. पेरू पाहिजे असेल तर ते त्या फोटोला हात लावत नाही, कारण त्याच्यासाठी तिथे पेरू नाहीच. चित्र जितकं हुबेहूब तितकं ते एकाच वस्तूला चिकटतं. म्हणून जो शब्द पसरट आहे त्याचं चिन्ह जरा कोरडं, कशासारखं तरी पण नक्की कशासारखं नाही असं असलेलं बरं. किलीत फळं आहेत, भाज्या आहेत, तोकी पोनावाले मश्रूम पण त्यातच धरतात. भिंतीवर केळं काढलं तर उद्या हीच पोरं वांग्याला किली म्हणायला बिचकतील.

त्यामुळे ताई माझं मत, चिन्ह ठेवा पण त्याला सफरचंद म्हणू नका. पोरांना सांगा हे कोणतंच फळ नाही, हे 'फळ'. आणि मग प्रत्येकाने त्याच्याखाली आपापलं फळ काढा.

खापरावरचे_मांडे

वांग्याचं नाव निघालं म्हणून आले 😄 भरताचं वांगं किली आहे का नाही ते सांगा आधी.

अक्षरवेडी

आहेच. आणि इथेच खरी मजा सुरू होते, बघा.

तोकी पोनात नुसतं किली म्हटलं की ऐकणारा आजूबाजूचं बघून समजून घेतो. नेमकं सांगायचं असेल तर मागे विशेषणं लावायची, आपल्याकडे विशेषण आधी येतं तिथे नंतर. नेटवर केळ्याला बहुतेक लोक 'किली जेलो' म्हणतात म्हणजे पिवळं फळ, किंवा 'किली पालिसा जेलो', पालिसा म्हणजे काठी, लांबट वस्तू. वांग्याला 'किली पिमेजा', म्हणजे काळपट फळ.

नाना_सावदा

पिवळं? पिवळं केळं आमच्या बागेत दिसलं तर माल गेला म्हणून समजा. आमची केळी हिरवी कापतात, हिरवीच गाडीत भरतात, सावद्या-रावेरच्या स्टेशनवरून वॅगनने दिल्लीकडे गेली ती पण हिरवीच. पिवळी ती तिकडे रायपनिंग चेंबरमध्ये होतात. पिवळं केळं हे खाणाऱ्याचं, पिकवणाऱ्याचं हिरवंच.

खापरावरचे_मांडे

आणि वांगं काळपट कुठून आलं? बामणोदकडचं भरताचं वांगं बघितलंय का कोणी, चांगलं हातभर मोठं, पोपटी हिरवं, त्यावर पांढरट झाक आणि बी एकदम कमी. त्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, जळगावच्या केळीला पण त्याच वर्षी. जांभळं काळं वांगं काड्यांवर भाजून बघा एकदा, ती चव येतच नाही.

अक्षरवेडी

मग तोकी पोनात खानदेशी केळं 'किली लासो' आणि खानदेशी वांगं पण 'किली लासो'! लासो म्हणजे हिरवं, निळं सुद्धा त्यातच. दोन्ही एकाच नावाखाली. फरक करायचाच तर केळं 'किली लासो पालिसा' आणि वांगं 'किली लासो सिके', सिके म्हणजे गोल, वाटोळं.

मला हे किती आवडलंय सांगू. आत्तापर्यंत जे जे तोकी पोना वाचलं त्यात केळं पिवळंच होतं, म्हणजे लिहिणारा दुकानात उभा होता. तुमच्या पोरांनी किली लासो लिहिलं तर ते पहिल्यांदा बागेत उभं राहून लिहिलेलं तोकी पोना असेल, निदान माझ्या वाचण्यातलं पहिलं. चिन्ह बदलायची गरजच नाही, शब्द निवडतानाच आपली जागा दिसते.

शिरपूरकर

भारीच. म्हणजे चित्र सगळ्यांचं एकच, विशेषण ज्याचं त्याचं.

जय_अहिराणी

माफ करा, मध्येच बोलतो. सगळं छान चाललंय, पण मनात आलं ते लिहितो. आपल्या पोरांना घरात अहिराणी बोलायची लाज वाटते, धुळ्यात कॉलेजला गेली की आईशी फोनवर पण मराठीत बोलतात, आणि आपण त्यांना कॅनडात बनवलेली भाषा शिकवतोय. आपन आपली भाषा बोलानी नही तं कोन बोली? भिंत एकच आहे, ती आधी आपल्या भाषेला का नको? मी रागाने लिहीत नाहीये, मला खरंच हे टोचतं.

सातपुडा_पायथा

@जय_अहिराणी दादा तुमचं म्हणणं अगदी मान्य. आमच्या गावात लेवा बोली जास्त, पाड्यावरची पावरी बोलणारी पोरं पण वर्गात आहेत, दोघं-तिघं अहिराणीवाले. आणि खरं सांगू का, तोकी पोनाचा मला सगळ्यात मोठा उपयोग तिथेच झाला. वर्गात शुद्ध बोल अशुद्ध बोल हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की पावरी बोलणारा पोरगा तोंडच उघडत नव्हता. तोकी पोना कोणाच्याच घरची नाही, तिथे सगळे एका रेषेत सुरू झाले. मग एक शब्द घेतला की मी विचारायचे, याला तुमच्या घरी काय म्हणतात, आणि फळ्यावर चार रकाने, या तीन बोली आणि शाळेतली मराठी. पहिल्यांदा त्या पोराने त्याच्या घरचा शब्द मोठ्याने सांगितला आणि बाकीच्यांनी तो वहीत उतरवला. भिंतीवर पण चारही बोली येणार आहेत, ते ठरलेलंच आहे, मी वर लिहायला हवं होतं खरं.

जय_अहिराणी

अस्सं शे मंग. चार बोल्या भिंतवर येतीन तं मना पूर्ण पाठिंबा. अहिराणी शब्द तपासाले लागनात तं सांगजा, मी शे.

तळवेल_आजोळ

गावाचं नाव पण येऊ दे की वाक्यात. रावेर तोकी पोनात कसं लिहितात?

अक्षरवेडी

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. तोकी पोनात व्यंजनं नऊच, प त क स म न ल य व, आणि स्वर पाच, अ ए इ ओ उ. ग नाही, द नाही, र नाही, ह नाही, आपल्या ळ चा तर प्रश्नच नाही. त लिहा की ट लिहा तिथे फरक पडत नाही, रोमनमध्ये 'जे' दिसला की य म्हणायचा म्हणून वर मी पिमेजा, जेलो लिहिलं ते उच्चारताना पिमेया, येलो. जोडाक्षरं जवळपास नाहीतच आणि अक्षराच्या शेवटी आलंच तर फक्त न येतो.

म्हणून रावेर होतं 'लावे', शेवटचा र गळून. धुळे 'तुले'. भुसावळ 'पुसावाला'. नंदुरबारचं 'नान्तुलुपा' नाहीतर नुसतं 'नान्तुपा', जिथे राहणारे ठरवतील ते. आणि तापी? तापी जशीच्या तशी 'तापी', एक मात्रा सुद्धा बदलावी लागत नाही. नाव स्वतः एकटं येत नाही, ते विशेषणासारखं मागे लागतं, म्हणून 'मा तोमो लावे', म्हणजे घरांची जागा, कोणती तर लावे. तापी म्हणजे 'तेलो तापी'.

आता लिहायचं कसं. विशेषनामासाठी एक लांबट गोलाकार चौकट काढतात, इजिप्तमध्ये राजाचं नाव ज्या चौकटीत लिहायचे तशी, आणि तिच्या आत एकेका आवाजासाठी एकेक चिन्ह टाकायचं, ज्या शब्दाची सुरुवात त्या आवाजाने होते असं कोणतंही. कोणतं टाकायचं ते तुमच्या हातात. म्हणजे लावे ला चार चिन्हं लागतील, ल अ व ए. नाना, तुमच्यासाठी मी निवडते: 'लासो' हिरवं, 'आले' सगळं, 'वावा' जोर, ताकद, 'एसुन' बाजार, व्यापार. ए ने सुरू होणारे शब्द मुळात मोजकेच आहेत, त्यात बाजार निघावा आणि तो रावेरच्या वाट्याला यावा.

नाना_सावदा

हिरवं, सगळं, जोर, बाजार. रावेर तालुका झाला पूर्ण. पण ताई बाजारभावाचं चिन्ह मात्र टाकू नका, ते रोज बदलावं लागेल.

शिरपूरकर

तापीचं पण करा कोणीतरी!

पांझरा_काठ

तापी मी करतो. त साठी 'तेलो' पाणी, अ साठी 'आले' सगळं, प साठी 'पान' म्हणजे धान्य, भाकरी, इ साठी 'इन्सा' म्हणजे आत, पोट. पाणी-सगळं-धान्य-पोट. नदीचं नाव वाचता वाचता तिचं कामच वाचून होतं.

आणि वर मी चिन्ह बदलू नका म्हणालो होतो त्यावर मी अजून ठाम आहे, पण ही चौकट बघून वाटतं की ज्यांना आपलं काही घालायचं आहे त्यांच्यासाठी भाषेनेच जागा करून ठेवलीय. चौकटीच्या आत वाटेल ते खेळा, चौकटीच्या बाहेर किली सगळ्यांचं एकच राहू द्या.

जय_अहिराणी

अहिराणीचं नाव कसं होईल?

अक्षरवेडी

ह नसल्यामुळे जरा अवघड आहे, आणि ह काढून टाकला तर अ आणि इ शेजारी येतात, ते चालत नाही, दोन स्वरांच्या मध्ये व्यंजन लागतंच. 'यि' हा आवाज पण तिथे बंद आहे. मला 'आविलानी' बरं वाटतं, म्हणजे 'तोकी आविलानी'. पण ज्यांची भाषा आहे त्यांनी ठरवावं.

जय_अहिराणी

'आकिलानी' पण चालेल ना? ह च्या जागी क. मला ते कानाला जास्त जवळचं वाटतं, ह घशातून येतो, क पण तिथूनच.

अक्षरवेडी

चालेल, पुष्कळ जण ह ला क च करतात. मग तोकी आकिलानी. आज रात्रीपासून मी हेच वापरणार.

विशेष_शिक्षिका_धुळे

आता मूळ भिंतीकडे वळूया का, ताई वाट बघत असतील. मला एक सुचतंय, अक्षरवेडी तुम्ही व्याकरणात बसतं का ते सांगा. या लिपीत विशेषणाचं चिन्ह नामाच्या चिन्हाच्या आत बसवता येतं असं मी मागे बघितलं होतं, तोमोच्या घरात तेलोच्या लाटा काढल्या की 'तोमो तेलो', म्हणजे न्हाणीघर. तर मग किलीच्या गोलाच्या आत पोनाची रेघ बसवली तर?

अक्षरवेडी

बसतं! पूर्ण नियमात बसतं. एकच विशेषण असलं की आत किंवा डोक्यावर बसवता येतं. 'किली पोना', चांगलं फळ. बाहेरून येणारा कोणी वाचेल तर अडखळणार नाही, तो चांगलं फळ वाचेल. आणि पोरांना त्या गोलाच्या पोटात त्यांचं केळं दिसेल, टोकं वर केलेलं, कापणीला आलेलं.

विशेष_शिक्षिका ताई, हे इतकं सुंदर जमलंय की मी आत्ता कागदावर काढून बघितलं.

तळवेल_आजोळ

वा!! झालं की मग.

पांझरा_काठ

याला माझी काहीच हरकत नाही. एकही चिन्ह बदललेलं नाही.

सातपुडा_पायथा

मंडळी, सकाळी पोरांना दाखवलं. ज्या पोरीने केळं काढलं होतं ती आधी गप्प बसून बघत राहिली, मग म्हणाली ताई हे घडातलं केळं आहे, ताटातलं नाही. नानांचं निसवण्याचं सांगितल्यावर सगळ्यांना बागेत जायचं होतं, एकाच्या काकांची मृगबाग शेजारीच आहे, जाऊन आलो. नुकतं निसवलेलं झाड मिळालं नाही पण अर्धवट वळलेला घड मिळाला, वरच्या फणीतली केळी वर बघतायत आणि सगळ्यात खालची अजून आडवी. पोरांनी वहीत तिन्ही रेघा काढल्या, खाली, आडवी, वर.

वाक्य ठरलं ते असं: 'किली पोना ली तान मा तोमो लावे.' चांगलं फळ रावेरहून येतं. तान म्हणजे 'पासून'. ली चं चिन्ह म्हणजे डावीकडे उघडं तोंड, टोक उजवीकडे, ते पोरांना फार आवडतं, बाण म्हणतात. लावे चौकटीत, हिरवं-सगळं-जोर-बाजार. आणि वाक्याच्या खाली चार बोलींत तेच वाक्य, त्याच्याखाली प्रत्येकाने आपापलं फळ किंवा भाजी. वांग्यासाठी तीन जणांची नावं आली आहेत आत्ताच.

आता कामाचा प्रश्न. भिंत सिमेंटची आहे, प्लास्टर जुनं आहे, ओल नाही. ऑइल पेंट लावू का? आणि चिन्हं एकसारखी यावी म्हणून स्टेन्सिल कापायचा विचार आहे, कोणाला अनुभव आहे का? दुसरं म्हणजे कॉम्प्युटरवर ही चिन्हं मोठी करून प्रिंट काढायला गेले तर दुकानात सगळे नुसते चौकोन दिसले.

अक्षरवेडी

चौकोन दिसणारच, सितेलेन पोनाला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, अजून अधिकृत जागा नाही, हौशी लोकांनी खाजगी वापराच्या जागेत एक सोय केलेली आहे आणि त्यासाठी वेगळा फॉन्ट टाकावा लागतो. दुकानात फॉन्ट टाकत बसू नका, घरीच टाकून पीडीएफ करून न्या, पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. नाहीतर सरळ चित्र म्हणून सेव्ह करा. मी तुम्हाला संपूर्ण वाक्याची पीडीएफ करून पाठवते, फूटभर उंचीची चिन्हं पुरतील का?

सातपुडा_पायथा

फूटभर एकदम बरोबर. 🙏

शिरपूरकर

मी पाट्या रंगवायचं काम करतो, फ्लेक्स आल्यापासून कमी झालंय पण शाळांच्या भिंती अजून असतात. जुनं प्लास्टर म्हणता तर आधी घासून भुसा काढा, मग प्रायमरचा हात, तो पूर्ण वाळू द्या, मग ऑइल पेंट. उन्हाळ्यात भर दुपारी रंगवू नका, आपल्याकडच्या उन्हात ब्रश भिंतीवर टेकेपर्यंत रंग ओढायला लागतो, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर.

स्टेन्सिलचं महत्त्वाचं सांगतो. किलीचा गोल बंद आहे. बंद गोल कापला की आतला तुकडा सुटून पडतो, त्याच्याबरोबर आतलं केळं पण जातं. म्हणून त्या गोलाला दोन-तीन ठिकाणी बारीक पट्टी न कापता ठेवा, आतला भाग बाहेरच्याला धरून राहील, रंगवून झालं की त्या फटी ब्रशने हाताने भरून घ्या. 'मा' च्या गोलात अधिक आहे म्हणता तिथे पण तेच, चार तुकडे सुटतील. नावाची चौकट तर इतकी लांब आहे की तिला स्टेन्सिल करूच नका, सुतळीला खडू लावून दोन रेघा मारा आणि टोकाचे गोल थाळी ठेवून काढा.

जाड कागद नको, रंगाने फुगतो. दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म मिळाल्या तर बघा, ब्लेडने सरळ कापतात, पुसून परत वापरता येतात. मिळाल्या नाहीत तर सांगा, माझ्याकडे चार-पाच पडून आहेत, पुढच्या आठवड्यात चोपड्याला यायचं आहे, तिथपर्यंत कोणी येणार असेल तर देतो.

तळवेल_आजोळ

@शिरपूरकर दादा, मी शनिवारी चोपड्याहून रावेरला जातोय, मला द्या. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.